माळ्यावरून उतरलेली घागर

मित्रांनो, माणसाने निदान भांड्याशी तरी नीट वागावं. आमच्या मालविकेने मला चार वर्षं माळ्यावर पालथं टाकलं. ना चिंच, ना राख, ना ऊन. आणि एके दिवशी खाली उतरवलं ते कशाला? तर रॉक बँडसाठी!

मी एक जुनी तांब्याची घागर आहे. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, वयाने तुम्ही माझे पणतू लागता. इकडे उत्तरेत, ठठेरी बाजारात, एका ठठेऱ्याने, म्हणजे तांबटाने, मला ठोकून ठोकून घडवलं. पत्रा त्याने जाड घेतला, म्हणून माझा आवाज घुमतो. शाळा मी पाहिलेली नाही. रामघाटावर आमचं घर वेदपाठशाळेच्या भिंतीला लागून आहे. भिंतीतून जे ऐकू आलं, तेवढंच माझं शिक्षण.

रोजचं पाणी भरायला मला कुणी हात लावला नाही. माझा मान वर्षातून एकदा. आश्विनातल्या अष्टमीला घरात तांदळाच्या उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी उभी राहते. बायका मला धुपाच्या धुरावर धरतात, काठाला ओठ लावतात आणि देवीसमोर नाचत नाचत फुंकतात. घूंऽऽ असा नाद निघतो. मला स्वतःचा श्वास नाही. ज्या बाईचा श्वास, तिच्याच तोंडाने मी बोलते. आणि सांगते, किती सासवा-सुना पाहिल्या, पण मालविकेसारखा दम कुणाच्या छातीत नव्हता.

मग तिचा नवरा मुकुल गेला. त्या वर्षी अष्टमीला कुणी तिला "नको" म्हटलं नाही. "ये" असंही कुणी म्हटलं नाही. तिने मला धुतलं, पुसलं आणि माळ्यावर नेऊन पालथं घातलं. तिची सासू प्रभावती शेजारच्या प्रेमलाबाईंची घागर मागून आणू लागली. पत्र्याचा डबा वाजतो तशी वाजायची ती मेली! मला वरून सगळं ऐकू यायचं.

यंदा मालविकेला त्रेचाळिसावं लागलं आणि तिच्या डोक्यात गाणं शिरलं. तिचा दीर निमिष बँकेत आहे, त्याची गिटार कपाटामागे धूळ खात होती. पाठशाळेतल्या श्रीनिवासगुरुजींना शेंडी आहे, चष्मा आहे आणि, कुणाला सांगू नका, ड्रमही आहे. वेदपाठशाळेत प्रतिपदेला आणि अष्टमीला अनध्याय असतो, म्हणजे पाठ बंद. त्या दिवशी मागची खोली रिकामी. म्हणून यांच्या बँडचा सराव तिथीवर चालायचा. निमिष कुरकुरायचा, "गुरुजी, बँक में तिथी नहीं चलती!" आणि तरी रजा टाकून यायचा.

खालचा जाड सूर धरणारा रेल्वेतला शार्दूल होता. त्याची गोरखपूरला बदली झाली.

"वहिनी, बेस के बिना मजा नहीं आ रहा," निमिष म्हणाला. "पायाच नाही घराला."

मालविका उठली. घरी आली, शिडी लावली आणि मला खाली उतरवलं. चिंचेने घासलं. दोनदा घासलं, खरं तर एकदा पुरे होतं. पण देवीची घागर ड्रमशेजारी नेऊन ठेवली हो! सूर जुळेना तर निमिषने माझ्या पोटात दोन फुलपात्रं पाणी ओतलं. या वयात! मालविकेने फुंकलं मात्र, निमिषची बोटं तारांवरच थांबली. गुरुजींनी चष्मा पुसला. मी रागावले होते, पण खोटं कशाला बोलू? चार वर्षांनी मला श्वास मिळाला होता.

आणि मग आली आश्विनातली अष्टमी. त्या संध्याकाळी मालविकेला घरात थांबवत नसे. दर वर्षी तिचं डोकं दुखायचं. यंदा ती मला घेऊन सरावाला गेली. इकडे घरी, मला मागून कळलं, बायका जमल्या, धूप पेटला, आणि कळलं, प्रेमलाबाई घागर घेऊन लेकीकडे पुण्याला गेल्या आहेत. प्रभावतीने माळ्यावर पाहायला लावलं. माळा रिकामा. देवीसमोर घागर नाही!

तेवढ्यात भिंतीतून माझा आवाज आला. घूंऽऽ. पाण्याने चढलेला होता, तरी प्रभावतीने ओळखला.

ती पाठशाळेच्या दारात उभी राहिली तेव्हा गुरुजींनी काठ्या पाठीमागे लपवल्या.

"काकू, आज अनध्याय आहे..."

"मग तोंडालाही दे जरा अनध्याय."

मला तिने स्वतः उचललं. पाणी ओतून टाकलं आणि घरी आणलं. तिघंही शाळेतल्या पोरांसारखे मागे. प्रभावतीने मला धुरावर धरलं आणि फुंकलं. नुसती फुस्स हवा. पुन्हा फुंकलं. खोकला आला. पंचाहत्तरीची छाती ती, कुठून दम आणणार? बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

तिने मला मालविकेपुढे धरलं. "तू फुंक."

"आई, मी? चालेल?"

"मी कधी नको म्हटलं तुला?"

"ये, असंही नाही म्हणालात."

मित्रांनो, या घरात प्रभावती चुकली असं कुणी कधी ऐकलेलं नाही. तिने पदराने माझा काठ पुसला.

"नाही म्हणाले," ती हळू बोलली. "चुकलं माझं. आता म्हणते. ये." मग दाराकडे वळून, "आणि तुम्ही दोघे का ताटकळलात? आणा ते ढोल. चपला बाहेर!"

मालविकेने मला घेतलं. काठाला ओठ लावले. मित्रांनो, घरातली भांडी वापरा, घासा, उन्हाला दाखवा, आणि पालथी घालून विसरू नका. माणसांनाही नाही. एवढंच मला तुम्हांला सांगायचं होतं. बाकीचं मालविकेला सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला तिचाच श्वास लागणार होता.

तिने छाती भरून फुंकलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं मी तिला बजावलं, "चार वर्षांची माफी नाही, मालविके! पण दम या घरात तुझाच आहे. आता थांबलीस तर बघ!"