वाघाचं कातडं पांघरलेला विलायती राजा

लातूरच्या पेठेत एका रिकाम्या गोदामापुढे दर सोमवारी चपलांचा ढीग पडायचा. आत भिंतीवर तसबीर आणि तिच्यापुढे अख्खी गल्ली माना खाली घालून बसलेली. तसबिरीतला राजा म्हणे जिवंत होता. माणूस जिकडे सरकेल तिकडे त्याचे डोळे फिरायचे.

राजा कुठला, तर युरोपातला. तिकडच्या दरबारी चित्राची छापील नक्कल, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. मी चित्रकला शिकवतो, असले राजे ढिगानं पाहिलेत. पण हा दरबार भरवणाऱ्या माणिकप्पा बुवानं त्याच्या कपाळावर भस्माचे पट्टे ओढले नि काम फत्ते. केसांचा टोप म्हणजे जटा, काळ्या ठिपक्यांचा झगा म्हणजे वाघाचं कातडं, राजदंड म्हणजे योगदंड! उंच टाचांचे बूट आणि रेशमी मोजे तेवढे कुणाला दिसले नाहीत.

बुवा एकेकाला चित्रापुढे चालवायचा. बाकीच्यांना दम, मान वर केली तर डोळे जातील.

माझ्या शेजारच्या दानम्माचा नवरा आणि मुलगा भूकंपात भिंतीखाली गेले. उरली मंजुश्री. तिला डॉक्टर करायचं म्हणून मायलेकी गाव सोडून इथं क्लाससाठी आल्या. बुवानं सांगितलं, राजाची नजर हिच्यावरून हटत नाही. क्लास सोडून वर्षभर सेवा केली नाही, तर हिच्यावरही भिंत पडेल. मेल्याला नेमकी जखम सापडली. बाई क्लासमधून पोरीचं नाव काढायला निघाली. मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं.

"सर, तुमचं समदं खरं असंल," ती म्हणाली, "पर माज्याकडं दुसरी पोर न्हाई."

मंजुश्रीनं मला हळूच सांगितलं, दुसरी बाई चित्रापुढे चालत असताना आपण मान वर केली होती. डोळे शाबूत राहिले आणि राजा त्या बाईला सोडून आपल्याकडेच बघत होता. मी म्हटलं, हेच सगळ्यांसमोर कर.

सोमवारी मीही गोदामात जाऊन बसलो. बुवानं गल्लीतल्या रुद्राणीकाकूंना उजवीकडे उभं केलं. मंजुश्री उठून डावीकडे गेली आणि विचारलं, "काकू, राजा कुणाकडं बघतोय?"

"माज्याकडं की."

"मला तर माज्याकडं दिसतोय."

बुवा शाप देत सुटला. तरी आधी दानम्मानं मान वर केली, मग सगळ्यांनी. दाराशी बसलेल्यालाही राजा आपल्याकडेच बघताना दिसला. मी सांगितलं, चित्रातल्या माणसानं सरळ समोर बघितलेलं असलं की तो सगळीकडून आपल्याकडेच बघतो. कागद सपाट, मधोमध काढलेलं बुबुळ मधोमधच राहतं. कॅमेऱ्याकडे बघून काढलेला घरचा कुठलाही फोटो लावून बघा.

दानम्मा उभी राहिली. "आमच्या ह्यांचा फोटो बी असाच बघतो. मी चुलीपाशी गेले तरी, दारात गेले तरी. त्यानं कुटं भिंत पडली?"

तिनं लेकीचा हात धरला नि थेट क्लासची वाट धरली.

भिंती कशानं पडतात ते आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. म्हणून सांगतो, कुणी मान खाली घालायला लावली की आधी वर बघा, आणि शेजारच्याला विचारा, तुला काय दिसतंय.