जांभळीचे जुने फोटो

मोहरीएवढा पांढरा ठिपका — प्रवाळाची फांदी जिथून दोन बोटांसारखी फुटते त्याच्या जरा खाली — भिंगात आला, सुटला, पुन्हा आला. काल तो नव्हता. किंवा काल तिने पाहिला नव्हता, किंवा पाहिला होता आणि उजेडाची तिरीप म्हणून सोडून दिला होता... तिने कॅमेऱ्याची कडी केसभर फिरवली. ठिपक्याची कड स्वच्छ झाली. आत नुसता चुन्याचा सांगाडा, आणि कडेने जांभळी कातडी सुटत चाललेली, ओल धरलेल्या भिंतीचा रंग सुटतो तशी. म्हणजे वरच्या फांद्यांनाही लागलं. खालून अर्धी गेली तेव्हा तिने स्वतःला सांगितलं होतं, वरची राहील. आता वरचीसुद्धा.

बाहेर टळटळीत दुपार होती, पण तिने पडदे ओढून घेतले होते, दिवे घालवले होते, आणि स्वतः कॅमेऱ्यासकट काळ्या चादरीखाली शिरली होती. नाहीतर माशांच्या पेटीच्या काचेत आपलंच तोंड येतं. हे तिला नवऱ्यानेच शिकवलेलं. कॅमेरा काचेला अगदी समोरासमोर धर, जरा तिरपा झाला की कडा वितळतात. काच आतून पुसून घे. पंप बंद कर, पाणी थांबू दे, मग बघ. तो बाजूला बसून सांगायचा आणि ती करायची, आणि तो म्हणायचा, "तीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलीस, तुला काय कठीण आहे?" रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासते. थेंबाचा हिशोब चुकत नाही अशी तिची तिथे ख्याती. नव्या मुली बाटलीवरचं लेबल तिला दाखवल्याशिवाय पुढे जात नाहीत. ख्याती... चादरीखाली तिला स्वतःच्याच श्वासाचा वास आला.

बारा वर्षांपूर्वी त्याने हे प्रवाळ आणलं तेव्हा ते अंगठ्याच्या पेराएवढं होतं. मुलीने त्याला 'जांभळी' म्हणायला सुरुवात केली, आणि मुलगी लग्न होऊन गेली तरी घरात जांभळीची चौकशी तिच्या आधी व्हायची. भिंतभर लांब काचेची पेटी, खारं पाणी, दोन नारिंगी मासे, दगडांच्या फटीतून वाढलेली लहानमोठी प्रवाळं, आणि मधोमध ही, परातीएवढी पसरलेली. तो नकाशे काढायचा. मोजणी खात्यात डोंगरांच्या चढउतारांच्या रेषा हाताने ओढणारा शेवटचा माणूस, असं तो हसत सांगायचा. घरी आला की पेटीसमोर बसून जांभळीच्या फांद्यांचे नकाशे काढायचा, तारीख घालून. मग दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजरेतलं मधलं गेलंय, कडा राहतील. त्या कडा त्याच्याजवळ आहेत. तो हल्ली तिच्या कानाकडे बघून बोलतो, म्हणजे त्याला तिचं तोंड थोडं दिसतं.

फोटो त्यासाठीच. दर रविवारी ती जवळून फोटो काढायची आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लावायची. तो पडद्याला नाक लागेल इतका जवळ बसायचा, मान पाखरासारखी वळवायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक फांदी वाचायचा. "इथे नवं टोक फुटलंय." "हो." आठवडाभर त्याला तेवढं पुरायचं. आणि गेले तीन रविवार ती त्याला मागच्या वर्षीचे फोटो दाखवत होती.

कारण तो मंगळवार. रोज संध्याकाळी पाण्यात क्षाराचं द्रावण घालायचं, मापाच्या नळीने मोजून — त्यावर जांभळी आपला सांगाडा बांधते. सोमवारी ती दमून आली आणि तशीच झोपली. मंगळवारी आठवलं. तो नेहमी बजावायचा, एक दिवस चुकला तर चुकू दे, भरपाई करायची नाही, या जिवांना भरपाई सोसत नाही. हे तिला पाठ होतं. तरी तिने दोन दिवसांचं एकदम ओतलं — का? काही सुचलं नाही म्हणून नव्हे, नीट सुचत असताना. कोपऱ्यातल्या खुर्चीतून तो काहीतरी विचारत होता, फोनवर मुलगी होती, आणि मला फक्त ते काम हातावेगळं करायचं होतं. हेच काय ते. बुधवारी तिने पाणी तपासलं तर आकडा इतका वर गेलेला की तिने तीनदा तपासलं. दुपटीने एवढा वाढू नये, असं तिला वाटलं. पण वाढला होता, आणि पेटीला हात लावणारं घरात दुसरं कोण होतं? तिने परीक्षानळ्या धुतल्या, पालथ्या घातल्या आणि कुणाला काही बोलली नाही. शनिवारी बुडखा पांढरा झाला.

"पंप बंद केलास?"

तो दारात आला होता. भिंतीवर हात सरकवत येण्याचा आवाज तिला ओळखीचा होता.

"आत्ताच केला. दहा मिनिटं."

"मग बरं. तो चालू असला की तुझं बोलणं मला धड लागत नाही." स्टूल सरकलं, तो तिच्या जवळच बसला. "तू राहा तशीच. फोटो काढ. मी काल हात घातला होता आत. तू कामावर होतीस तेव्हा."

भिंगात नारिंगी मासा संथ पाण्यात गोंधळून उभा होता.

"खरखरीत लागली," तो म्हणाला. "जिवंत असते तेव्हा बुळबुळीत लागते, बोट सरकतं. ही खालून पायरीच्या दगडासारखी. वास तर आठवडाभर येतोय. आणि तू मला जुने फोटो दाखवतेस."

"हो."

"दुसऱ्याच रविवारी कळलं. त्यात ती मोठी गोगलगाय होती, डाव्या कडेला. मला कडेचंच दिसतं ना. ती तर गेल्या उन्हाळ्यात मेली. मेलेल्या गोगलगाईला तू दोनदा काचेवर चढवलंस." तो नाकातून थोडंसं हसला, आणि तिलाही, काळ्या चादरीखाली, तोंडावर हात ठेवून, हसू की काय ते आलं. "मी रागावलो नाहीये. कशासाठी लपवलंस ते कळलं मला."

कळलं. म्हणजे बाटली किती उतरली ते त्याने हाताने चाचपून पाहिलं असणार. तीन आठवडे तिने शब्द जुळवून ठेवले होते — मी मंगळवारी घाई केली, मला माहीत होतं आणि तरी केली — ते आता घशाशी आले, पहिला शब्द जिभेवर आलासुद्धा...

"मीच मारली तिला," तो म्हणाला.

बाहेर जिन्यावरून कुणीतरी जड काहीतरी नेत होतं. त्या आवाजातच तो पुढे बोलू लागला.

"त्या सोमवारी तू येऊन तशीच झोपलीस. बाटलीचा आवाज आला नाही. म्हटलं विसरली, उठवायचं कशाला. मीच ओतलं. नळीवरचे आकडे कुठले दिसायला, बोट लावून अंदाज घेतला. थोडं हातावर सांडलं, म्हणून पुन्हा ओतलं. तुला सांगितलं असतं तर तू बाटली वरच्या फळीवर ठेवली असतीस. इस्त्री ठेवलीस तशी." आणि मग, हळू, "तू पाणी तपासलं असशील. आकडा बघून ओळखलंस की हा उद्योग माझा. आणि गप्प बसलीस, मला लागू नये म्हणून."

त्याचं दुप्पट. वर माझं दुप्पट. डोक्यात आकडा जिथल्या तिथे बसला. बुधवारचा तो न जुळणारा आकडा! आणि त्याच क्षणी तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. प्रयोगशाळेत एखादा चुकलेला अहवाल फिरत फिरत टेबलाशी येतो आणि शेवटी खाली सही दुसऱ्याच कुणाची निघते, तेव्हा होतं तसं. इतकं गोड वाटलं की तिने डोळे मिटले. मी आज त्याचं दुःख ऐकतेय आणि मला बरं वाटतंय. हे बरं वाटणं थांबावं म्हणून ती थांबली. ते थांबलं नाही.

"ऐकतेस ना?"

"हो."

"मग आजचा काढ. पांढऱ्याचा. आणि मोठा करून दाखव."

तिने बटण दाबलं. एकदा, दोनदा, भिंग खाली नेत नेत बुडख्यापर्यंत. चादर डोक्यावरून काढली, पंप चालू केला, पडदे उघडले. तो उठून फोटोच्या मोठ्या पडद्याकडे गेला.

फोटो लागला. तो पडद्याला भिडून मान वळवून उभा राहिला. पांढऱ्या उजेडाने त्याचा गाल उजळला.

"केवढं गेलं," तो म्हणाला. "वर अजून जांभळं आहे?"

"आहे."

"किती?"

"चार बोटं. त्यातही ठिपका पडलाय."

"म्हणजे जाणार."

"जाणार."

आता सांगायचं. हे बघून झालं की. नाहीतर जेवणं झाल्यावर, मुलीचा फोन येऊन गेल्यावर... सांगितलं तर त्याच्यावरचं निम्मं ओझं उतरेल. पण दोन वर्षांत या घरात त्याने कुणाला न विचारता, स्वतःच्या हाताने केलेलं हे एकच काम. त्यातलंही निम्मं मी काढून घेणार, म्हणणार, तेसुद्धा तुझ्या एकट्याने झालं नाही — हे तिला इतक्या पटकन, इतकं घडी घातल्यासारखं सुचलं की तिला स्वतःची भीती वाटली. ते खरंही असेल. खरं असो की नसो, उद्या ते उपयोगी पडणार होतं, परवाही, आणि ती ते आतल्या आत सांभाळून ठेवू लागली होती. त्याच्या पाठीकडे पाहता पाहता तिला दिसलं की आपण आता या घरात राहू, स्वयंपाक करू, त्याच्या डोळ्यांत थेंब घालू, दर रविवारी खरेच फोटो दाखवू, आणि हे त्याला कधी सांगणार नाही.

"तू का रडतेस?" तो तिच्या कानाकडे बघून म्हणाला. "तुझा काय दोष त्यात?"

त्याने हवेत हात पुढे केला, तिचा खांदा शोधला, आणि समजूत घालावी तसं थोपटलं. ती उभी राहिली. तिने थोपटू दिलं.