कमानीच्या माथ्यावरचा दगड

परवा सकाळी अकराच्या सुमारास माझा एक ढलपा निखळला आणि खाली उभ्या असलेल्या गाइडबाईंच्या खांद्यावर पडला.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. या कॅथेड्रलच्या मुख्य कमानीच्या माथ्यावर, बरोबर मधोमध बसलो आहे. पाथरवटाने मला पाचरीसारखे घडवले, वर रुंद आणि खाली अरुंद. दोन्ही बाजूंचे दगड माझ्यावर रेलतात, म्हणून कमान उभी राहते. बांधकामाचा लाकडी आधार काढला, तेव्हा मुख्य गवंडी मुद्दाम माझ्याखाली येऊन उभा राहिला होता. एवढा त्याचा माझ्यावर भरवसा.

पुढे छत गळू लागले. माझ्या सांध्यांतला चुना ओल शोषून घेई आणि वाऱ्यावर सुकून जाई. दुरुस्तीवाल्यांनी तो खरवडला आणि सिमेंट ठासले. "आता बघायलाच नको!" मुकादम म्हणाला. फादर खूश झाले. पण सिमेंटमधून ओल बाहेर पडेना. ती माझ्यातच मुरली आणि मी आतून भुसभुशीत झालो. वरून मात्र होतो तसाच दिसत होतो. येणारे-जाणारे माना वर करून वाहवा करत, आणि मी ती मुकाट्याने घेत राहिलो.

त्या सकाळी गाइडबाईंनी शाळेची मुले आणली होती.

"वर बघा. सगळा भार यानं पेललाय."

"बाई, पडला तर?" एका मुलीने विचारले.

"पडला तर माझी नोकरी गेली म्हणून समज!"

मुले खिदळली. तेवढ्यात माझी थोडी भुकटी झरली. बाईंनी त्या मुलीला मागे खेचले आणि पाठोपाठ निखळलेला ढलपा स्वतःच्या खांद्यावर झेलला.

"तुला लागलं नाही ना गं?" खांदा धरून त्यांनी विचारले.

मित्रांनो, दगडाला मान खाली घालता येत नाही. मला ती तेव्हा घालावीशी वाटली.

नंतर इंजिनिअरबाईंनी शिडीवर चढून मला हातोडीने ठोकले. धड दगड खणखणतो. मी बद्द वाजलो.

"फादर, हे सिमेंट काढावं लागेल. दगड वाचेल का, ते मग कळेल."

फादर म्हणाले, "आम्हीच भरून घेतलं हो ते."

जुन्या वास्तूला हात लावण्याआधी ती कशाने बांधली आहे ते पाहा, मित्रांनो. नुसते कौतुक करू नका, अधूनमधून ठोकूनही बघा.

आज दुपारपर्यंत सिमेंट काढायला कोणी आलेले नाही. कमानीखाली दोर बांधला आहे. गाइडबाई इस्पितळात आहेत. त्यांचा हात पुन्हा वर जाईल की नाही, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही.