ग्रीसचा डबा

आमची लेक हार्मा शनिवारी कॉफीला येते म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं. ही कॉफीला नाही, परीक्षा घ्यायला येतेय. परीक्षा तिच्या बापाची, म्हणजे माझ्या लामर्टची. त्याने सायकली वाहून न्यायचा नवा कॅरियर गाडीच्या मागच्या हुकाच्या लोखंडी गोळ्यावर स्वतःच्या हाताने नीट बसवला, तर आम्ही दोघं झेलंडला समुद्रावर जायचं. नाही बसवला, तर गुपचूप घरी. गाडी मीच चालवणार हे आधीच ठरलं होतं. बाकीचं तरी याला जमतंय का, एवढं तिला बघायचं होतं.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. हिवाळ्यापासून लामर्ट विसरायला लागलाय. एकदा बेकरीतून घरी यायला त्याला दोन तास लागले. रस्ता सात मिनिटांचा. पण सेहेचाळीस उन्हाळे आम्ही त्या समुद्रावर गेलोय, गाडीमागे कॅरव्हॅन, आमचं चाकांवरचं घर, जोडून, आणि ती दरवेळी यानेच जोडली. मागच्या वर्षी पानगळीत ती विकली. आता वाळूच्या टेकड्यांमागे एक लाकडी खोपटं भाड्याने घेतलंय, आणि न्यायच्या त्या फक्त दोन विजेवरच्या सायकली. तेवढंही जमलं नाही तर संपलंच. मला तो समुद्र याच्याबरोबर हवाय. पुढच्या उन्हाळ्यात हा मला तिथे ओळखेल की नाही, कोण सांगणार?

हार्मा दहाला आली. कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं, डब्याचं झाकण लावलं.

"आई, दुसरं बिस्कीट दिलंस तर आभाळ कोसळेल का गं?"

"परीक्षक आहेस ना? मग लाच कशी देऊ?"

लामर्ट बाहेर कामाला लागला होता. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. त्याने आधी दोन्ही सायकलींच्या बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या, म्हणजे मागचं वजन कमी. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. पट्टे ओढले. शेवटी, गाडीची पाटी सायकलींमागे झाकली जाते म्हणून, कॅरियरवर पांढरी नंबरपाटीसुद्धा लावली.

"बघ," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याला ही पाटी नाही म्हणून पोलिसांनी अडवलं होतं ना? त्याची परीक्षा कधी घेतेस?"

हार्मा हसली, कप ठेवून बाहेर गेली. मीही मागोमाग. तिने बाहेरची सायकल धरली आणि खाली ओढली.

सगळा कॅरियर कलंडला. सायकलींसकट तिरपा झाला आणि एक पॅडल अंगणातल्या विटांवर खरखरलं.

"मी नीट बसवला होता," लामर्ट म्हणाला. "दांडा खाली दाबला. टक् असा आवाज आला. मी ऐकला."

"असू दे बाबा," हार्मा म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "तुझी काही चूक नाही."

तो मऊ आवाज माझ्या काळजात घुसला. पोरगी बापावर चिडायची, भांडायची, तोंडाला तोंड द्यायची. आता ती त्याला समजून घ्यायला लागली होती. लामर्ट हातांकडे बघत उभा राहिला, जसे काही ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

मला राग आला. कुणाचा, ते मलाही कळलं नाही. मी वाकून कॅरियर सरळ करायला गेले आणि माझा हात काळा झाला. वास घेतला. कॅरव्हॅनचा वास.

"लामर्ट, हुकाच्या गोळ्याला ग्रीस लावलंस?"

"मग? ग्रीस न लावता कधी जोडतात होय? झेलंडपर्यंत कुरकुरत जाईल ते." आणि त्याने खिशातून तो जुना, चेपलेला पत्र्याचा डबा काढून दाखवला.

हार्माने कॅरियरची पुस्तिका उघडली. "गोळा स्वच्छ आणि कोरडा हवा," तिने वाचलं. "तेल, ग्रीस अजिबात नको."

लामर्टने भुवया आवळल्या. "थांब," तो हळूहळू म्हणाला. "कॅरव्हॅन गोळ्यावर फिरते, म्हणून तिला ग्रीस. हा तर नुसता गोळ्याला घट्ट धरून बसतो. म्हणजे मी त्याच्या मुठीत लोणी दिलं."

"ऐकलंस?" मी हार्माला म्हटलं. "हा विसरला नाहीये. याला आठवलंय. सेहेचाळीस वर्षं जे केलं ते याच्या हातांना आठवलंय. त्याची शिक्षा म्हणून घरी बसवतेस याला?"

हार्माने पुस्तिका मिटली. "त्या डब्याचं झाकण मी धरायचे," मग ती म्हणाली. "लहानपणी. दरवर्षी."

सायकली उतरवल्या. लामर्टने माझा जुना टॉवेल घेतला आणि स्पिरिटने गोळा तीनदा पुसला. परत कॅरियर बसवला, सायकली चढवल्या. हार्मा कॅरियरला चक्क लोंबकळली. गाडी वरखाली झाली, कॅरियर जागचा हलला नाही.

"जा," ती म्हणाली. "पण रोज फोन करायचा."

मी आत जाऊन बिस्किटांचा डबा उघडा करून टेबलावर ठेवला.

ती गेल्यावर लामर्टने कॅरियर काढून शेडमध्ये ठेवला, आणि ग्रीसचा डबा माझ्यापुढे धरला.

"हा लपव, रूली. निघायच्या दिवशी मी परत लावीन. कुठे ठेवलास ते मला सांगू नकोस. मागितला तरी देऊ नकोस."

"आणि ओरडलास तर?"

"तरी नको."

मी तो विणकामाच्या पिशवीत, लोकरीच्या तळाशी ठेवला. मग न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

निघायच्या दिवशी सकाळी तो शेडमधून आला तो चिडलेलाच.

"माझा ग्रीसचा डबा कुठाय?"

"देऊन टाकला. कॅरव्हॅनबरोबर."

"कुणी सांगितलं द्यायला? मला विचारायची पद्धत नाही का या घरात?"

"तूच म्हणालास, लामर्ट. आता लागणार नाही म्हणालास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही नजर वळवली नाही, पण पिशवीचा बंद हातात घट्ट धरला होता.

"मी म्हणालो असेन," तो शेवटी म्हणाला, "तर बरोबरच असेल."

त्याने खिशातून फडकं काढून गोळा पुसला आणि कॅरियर उचलला. मी दुसऱ्या बाजूने धरला.