दुपारचा थेंब

नवीने निळ्या खडूची पूड एका मुलाच्या तळहातावर चोळली आणि त्याला सांगितलं, की आता मित्रांशी हात मिळव, दाराची कडी लाव, फळ्याला टेकून उभा राहा, हवं ते कर. काचेच्या दारापलीकडे ताई बरणी पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

खेळ त्यांचा होता. दर वर्षी शाळेतली मुलं ही सरकारी प्रयोगशाळा बघायला यायची आणि दर वर्षी ताईच त्यांच्या हातावर खडू चोळायच्या. थोड्या वेळाने खोलीभर निळे डाग दिसायला लागायचे. बाकावर, पाण्याच्या ग्लासवर, एखाद्याच्या नाकाच्या शेंड्यावर. मग ताई विचारायच्या, एवढासा खडू कुठे कुठे जाऊन आला? आणि फार न सांगता मुलांना कळायचं, की कोंबडीला किंवा गाईला दिलेलं औषध अंड्यात कसं उतरतं, दुधात कसं उतरतं, तिथून आपल्या पोटात कसं येतं, आणि ते शोधायला अख्खी इमारत कशाला लागते.

यंदा साहेबांनी मुलांना नवीच्या हवाली केलं होतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मुलांची दगदग कशाला, असं काळजीने म्हणाले होते. ते रागावले असते तरी ताईंना एवढं झोंबलं नसतं.

नवीला इथे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला काम ताईंनीच शिकवलं. नळी कशी धरायची, बरणी कशी विसळायची, मशीन कुरकुरलं तर कुठे थोपटायचं. आता मशीन कुरकुरलं की साहेब नवीला हाक मारायचे. पाहुणे आले की नवी बोलायची. परवा शिपाई सहज म्हणाला, की ताई रिटायर झाल्या की त्यांची खिडकीजवळची जागा नवीला द्यावी, तिला उजेड बरा मिळेल. ताई हसल्या होत्या. घरी जाऊन मात्र भाजीत मीठ नाही म्हणून नवऱ्यावर डाफरल्या. भाजी त्यांनी स्वतःच केली होती.

एकच गोष्ट नवीच्या हाताला अजून लागली नव्हती, आणि ती ताईंना लागली. मागच्या आठवड्यात एका पोल्ट्रीच्या अंड्यांत त्यांना क्लोरॅमफेनिकॉल सापडलं. बाकीच्या औषधांना कायदा थोडी सूट देतो, अमुक इतकं चालेल, त्याहून जास्त नाही. या औषधाला सूट नाही. ज्या जनावराचं काही माणूस खातो, त्याला ते द्यायचंच नाही, आणि कणभर सापडलं तरी कारवाई. मशीनही असं, की तळ्यात साखरेचा एक दाणा विरघळला तरी सांगेल. पडद्यावरच्या सपाट रेषेत टोक उभं राहिलं तेव्हा ताईंनी आधी नवीकडे बघितलं. इतक्या वर्षांत इथे कुणालाच ते सापडलं नव्हतं.

नवी पडद्याकडे वाकून बघत राहिली. मग तिने विचारलं,

"डोळा कसा आहे, ताई?"

ताई मनात म्हणाल्या, दुखतंय पोरीच्या पोटात. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांना घरचं जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी नवी पुन्हा त्यांच्या टेबलापाशी घुटमळली. दुपारी डोळ्यात औषध घालायचं असतं, ते मी घालत जाऊ का म्हणाली. बाहेर बाकावर नीट आडवं पडता येईल, मानेलाही बरं. ताईंनी तिच्याकडे न बघताच सांगितलं,

"अजून माझे हात चालतात हो."

संध्याकाळी डबा राहिला म्हणून त्या परत आल्या, तर नवी एकटीच मशीनसमोर बसलेली. बाजूला त्याच पोल्ट्रीच्या अंड्यांची उरलेली बरणी. ताई पाय न वाजवता मागे फिरल्या. आपलं काम ही पोरगी आपल्या पाठीमागे तपासते, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ते खरंच ठरलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, की नमुन्याचा दुसरा भाग सीलबंद आहे, तो उघडून तपासल्याशिवाय हुकूम काढायला नको, नवीचंही तेच म्हणणं आहे. ताई म्हणाल्या, दुसरा भागही मीच तपासते. साहेब बरं म्हणाले. आज दुपारी तपासणी. पुन्हा सापडलं तर संध्याकाळी सही होणार होती, शेडमधल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरायच्या आणि शेडला कुलूप.

पोल्ट्रीवाला सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसला होता. सील बघून घ्यायला त्याला आत बोलावलं तेव्हा त्याने अंड्यांच्या सीलबंद खोक्याकडे एकदा बघितलं आणि नंतर ताईंकडेच बघत राहिला. अंगापिंडाने थोराड माणूस, पण आवाज खाली उतरलेला. कोंबडीला साधी सर्दी झाली तरी आपण डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देत नाही, म्हणाला.

"बायको म्हणते, माझ्या तापाला एवढा धावला असतास तर सोनं झालं असतं. आता तीच घरी रडत बसलीय, ताई."

ताई म्हणाल्या, मशीन कुणाच्या घरचं नसतं. त्याने मान हलवली आणि परत बाकावर जाऊन बसला.

पलीकडे मुलं खिदळत होती. निळ्या नाकाचं कुणीतरी सापडलं असावं. ताई आपल्या टेबलाशी आल्या, तर एक लहानशी मुलगी तिथे उभी. दोन वेण्या, तळहात निळेगर्द, आणि हातात ताईंची डोळ्याच्या औषधाची बाटली.

"ते ठेव खाली. इकडे कशी आलीस तू?"

"मला त्या बाईंनी पाठवलं. म्हणाल्या, खेळ तुमचा आहे, तुमच्या टेबलालाही हात लावून ये." मुलीने बाटली उलटीसुलटी केली. "हे पिता येतं?"

"डोळ्यात घालतात."

"झोंबतं?"

"थोडं. घशात कडू उतरतं."

"डोळ्यातून घशात?" मुलीचे डोळे मोठे झाले. तिला अजून विचारायचं होतं, पण पलीकडून हाक आली आणि ती पळाली.

ताई चरफडल्या. खेळ तुमचा म्हणे. चारचौघांत मोठेपणा द्यायचा, म्हणजे देणारी मोठी दिसते. त्यांनी बाटली फडक्याने ओझरती पुसली आणि नळाशी जाऊन हात धुतले. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंब घालण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवायचे, आणि याबाबतीत ताईंना कुणी बजावण्याची गरज नव्हती. कोपरापर्यंत धुतले, हवेत वाळवले. मग खुर्चीत मान मागे टाकून थेंब घातला. गालावर ओघळला तो बोटाने टिपला. चष्मा चढवला, हातमोजे घातले, आत गेल्या.

खोकं समोर होतं. सील तोडलं, झाकण काढलं. पांढरी शुभ्र अंडी ओळीने मांडलेली. त्यांनी पहिलं उचललं, बरणीच्या काठाशी नेलं, आणि फोडायच्या आधी सवयीने दिव्यासमोर धरलं.

कवचावर निळा ठसा होता.

फिकट, पण स्पष्ट. बोटाच्या पेराएवढा. ताईंना वाटलं, आधीपासूनचाच असेल. त्यांनी दुसरं अंडं बघितलं, तिसरं बघितलं. ती कोरी होती. मग हातातलं अंडं जपून खाली ठेवलं आणि मोज्याच्या बोटांकडे पाहिलं. अंगठ्यावर निळं, तर्जनीवर निळं. भिंतीवरच्या आरशात बघितलं. चष्म्याच्या काडीवर निळं, गालावर थेंब टिपला तिथे एक ओढलेली रेघ.

हात धुतले होते. धुतल्यानंतर बाटलीला लावले होते.

ताई बाहेर आल्या. टेबलावरची बाटली उचलून खिडकीपाशी नेली. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, ते त्यांना पाठ होतं. घरी नवरा थेंब घालायचा, दुकानातून आणायचाही तोच. खालची बारीक ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती, झाकलेल्या डोळ्याने वाचणार तरी काय. आता चांगला डोळा जवळ नेऊन एकेक अक्षर लावलं. नाव लांबलचक होतं, पण पहिल्या दोन अक्षरांतच कळलं, अंड्यांत सापडलं होतं ते हेच.

त्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टरला डोळा जपायचा होता, म्हणून त्याने आधी हात धुवायला सांगितले. इथे नमुना जपायचा असतो, तेव्हा नंतर धुवायला हवे होते. ही गोष्ट त्यांनी शाळेतल्या मुलालाही समजावून दिली असती. तुलना करायचा कोरा नमुना नवी सकाळीच करून ठेवायची, थेंबाच्या किती तरी आधी, म्हणून तो स्वच्छ निघाला. डाग फक्त ताईंच्या बरणीत गेला होता.

बाहेर बाक करकरला. पोल्ट्रीवाला उठला असेल, किंवा नुसताच सरकून बसला असेल.

काही अवघड नव्हतं. हात पुन्हा धुवायचे, मोजे बदलायचे, दुसरी अंडी घ्यायची. रेषा सपाट येणार. कोंबड्या वाचणार, माणूस घरी जाणार. मग पहिल्या वेळचं टोक आलं कुठून, असं साहेब विचारतील. मशीन साफ नसेल, असं म्हणता येईल. मशीन कुणाच्या ताब्यात असतं, ते साहेबांना ठाऊक होतं. ताईंनी एवढा विचार केला, आणि तो करताना त्यांना बरं वाटलं. खिडकीजवळची जागाही मग इतक्या सहज कुणाला मिळाली नसती. त्यांनी पलीकडे बघितलं. नवी गुडघ्यांवर बसून एका मुलाच्या शर्टाची बाही झटकत होती, आणि मुलं तिच्या पाठीवर निळे पंजे उमटवत होती. तिला पत्ताच नव्हता. किंवा असेल.

ताई अंडं कापसात ठेवून, एका हातात ते आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

सांगायला फार वेळ लागला नाही. त्यांनी कुठेही मशीनचं नाव घेतलं नाही. मागच्या आठवड्याचा नमुना माझ्या हाताने बिघडला, म्हणाल्या. उरलेली अंडी नवीने तपासावीत, मी आज त्या खोलीत पाऊल ठेवत नाही. साहेबांनी अंडं बघितलं, बाटली बघितली, आणि बराच वेळ टाचणीच्या डबीशी चाळा केला.

"नवीने दुसऱ्या दिवशी उरलेल्या बरणीतून पुन्हा बघितलं होतं. टोक तिलाही दिसलं. मग येऊन म्हणाली, हुकूम थांबवा, दुसरा भाग उघडू. कारण विचारलं तर सांगेना. मीही भडकलो जरा." त्यांनी डबी बाजूला सारली. "आज सकाळी म्हणाली, एवढी दुपार जाऊ द्या. ताई स्वतःच सांगतील. नाहीच सांगितलं, तर सहीच्या आधी मी सांगेन."

ताईंनी मान खाली घातली. नवीने मशीन पटकावलं, मुलं पटकावली, ते एक वेळ सोसलं असतं. पण आपण तिच्या जागी असतो तर एवढं थांबलो असतो का, हा प्रश्न त्यांना त्या सगळ्याहून जास्त टोचला.

नवीने तपासणी केली. रेषा शेवटपर्यंत सपाट राहिली. साहेबांनी पोल्ट्रीवाल्याला आत घेऊन सांगितलं आणि प्रयोगशाळेची चूक झाली हेही सांगितलं. कुणाची, ते त्याने विचारलं नाही. बाहेर आल्यावर ताई दिसल्या, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं,

"चूक माझी होती."

त्याने खिशातून फोन काढला. काहीतरी लागट बोलणार असं वाटलं. मग एवढंच म्हणाला, की बायकोला फोन करतो आधी. आणि फोन कानाला लावत, एकेक पायरी सोडत उतरून गेला.

मुलांची बस गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नवी ओलं फडकं घेऊन बाक पुसत होती. तिच्या पाठीवर पंजे तसेच होते. ताईंनी दुसरं फडकं पिळलं आणि समोरच्या बाजूने पुसायला लागल्या. बाक झाल्यावर फळ्याची कडा आली, दोघींचे हात थांबले.

"ती दोन वेण्यांची पोरगी," ताई म्हणाल्या. "पूर्ण वर्गातून तीच बरी सापडली तुला."

नवीने फडकं घडी करून पुन्हा उलगडलं.

"चौकस होती. दिसेल ते उचलत होती."

"मी बाटली पुसली होती, तरी राहिलं."

"राहतंच, ताई."

ताईंनी कडेचा डाग घासला. तो जाईना. त्यांनी नख लावलं, मग सोडून दिला.

"उद्या दुसरी तुकडी आहे ना?"

"हो. तुम्ही घेता का? साहेबांशी मी बोलते."

हो म्हणावं असं ताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, पाणी निळं होत गेलं ते बघितलं.

"तूच घे," त्या म्हणाल्या. "फक्त फळ्यापासून नको. माझ्या टेबलापासून सुरुवात कर. आणि बाटली तिथेच असू दे."