मूळपुरुषाची जागा

क्वाइटेलबाख या जर्मन खेड्याच्या दफनभूमीत मृतांना चिरविश्रांती लाभते, असं तिथल्या कमानीवर दगडात कोरलेलं आहे. कमानीमागच्या पाटीवर या विश्रांतीची मुदत दिलेली आहे: पंचवीस वर्षं. पुढे जागा दुसऱ्याला.

"मग आमचे पूर्वज आहेत कुठे?" ड्वेन क्रेस्लरने विचारलं. तो बायकोला घेऊन पेनसिल्व्हेनियाहून आला होता. दोघांच्याही टी-शर्टवर सिंहाचं कुलचिन्ह होतं, टपालाने मागवलेलं.

रोझविटा क्लामर पंचायतीत कारकून होती. इंग्रजी येण्याच्या गुन्ह्याबद्दल दर उन्हाळ्यात असले पाहुणे तिच्या गळ्यात पडत. तीनशे वर्षांपूर्वी या भागातले उपाशी लोक होडीने रॉटरडॅमला आणि तिथून जहाजाने अमेरिकेला गेले, त्यांचे हे वंशज. जाताना ते शेतमजूर होते. पणतवंडांच्या तोंडी येईस्तोवर सरदार झाले. गावाला त्यांचा मनस्वी वीट आला होता आणि गावच्या खानावळीला त्यांच्यावाचून चालत नव्हतं.

"तुमचे योहान क्रेस्लर अमेरिकेत वारले ना? मग तिकडेच असणार," ती म्हणाली.

"त्यांचे वडील हो! ते इथेच राहिले. मी अख्खी हयात घातलीय यात, बाई." ड्वेनने प्लास्टिकची पिशवी काढली. "योहानच्या थडग्यावरची माती. बापलेकांची भेट घालायचीय."

"विमानतळावर अडवलं नाही?"

"कॉफी आहे म्हणून सांगितलं," त्याची बायको म्हणाली.

एरवी रोझविटाने कमानीमागची पाटी पुन्हा वाचून दाखवून त्यांना खानावळीत पिटाळलं असतं. पण भिंतीलगतच्या तिच्या आईच्या जागेची मुदत नुकतीच संपली होती. मुदतवाढीचा तिचा अर्ज पंचायतीने फेटाळला होता आणि फेटाळल्याचं पत्र तिनेच टाइप केलं होतं. नावाचा दगड तिने घरी नेऊन ठेवला होता. आता नुसता हिरव्या वेलीचा एक चौकोन उरला होता, आणि पुढच्या आठवड्यात तिथे खोदयंत्र येणार होतं.

तिने भिंतीकडे बोट केलं. "ते तिथे."

"नाव कसं नाही?"

"लाकडी क्रूस होता. कुजला."

ड्वेन गुडघ्यांवर बसला, माती ओतली आणि हमसून हमसून रडला. आईच्या अंत्यविधीला इतकं कुणीच रडलं नव्हतं. रोझविटाही नाही.

सरपंच श्नाबेल फाटकातून हे बघत होता. तो तिचा शाळासोबती. पाहुणे गेल्यावर जवळ आला.

"तुझ्या आईची जागा ना गं ती?"

"होती. मुदत संपली."

"मग थापा कशाला मारल्यास?"

"तू मुदत वाढवली नाहीस म्हणून. आता खणून दाखव!"

श्नाबेलने डोकं खाजवलं. "हे क्रेस्लर एकूण किती असतील गं?"

"बस भरून."

ज्या पंचायतीला एका मुलीसाठी एक दिवस वाढवता येत नव्हता, तिने अमेरिकन अश्रूंना एकमताने कायमचं संरक्षण दिलं. पेनसिल्व्हेनियाहून पितळी पाटी आली: 'क्रेस्लर कुळाचा मूळपुरुष येथे विसावला आहे.' पुढच्या उन्हाळ्यात बसही आली. आळीपाळीने सगळे गहिवरले.

"बाई, जरा बाजूला होता का? फोटोत येताय," एकजण म्हणाला.

रोझविटा पाण्याची झारी घेऊन बाजूला झाली. आई जागेवर होती. एवढ्यावर तिने समाधान मानलं.

त्यानंतरच्या वसंतात ड्वेनचा ईमेल आला. अधिक संशोधनाअंती क्रेस्लर मूळचे स्वित्झर्लंडचे निघाले होते. यंदा सगळं कुळ तिकडे जाणार होतं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

रोझविटा तडक श्नाबेलकडे गेली. "काढ ती पाटी. मी आईचा दगड आणते."

"तुझ्या आईची मुदत संपलीय, रोझविटा."

"मग संरक्षण कुणाला आहे?"

"मूळपुरुषाला."

"अरे, तो स्विस निघाला!"

"हळू बोल की!" श्नाबेलने उठून खिडकी लावली.

गावाची माहितीपत्रकं मूळपुरुषासकट छापून झाली होती.