बारा पानं

प्राध्यापक अभिमन बोरसेंचा गौरवग्रंथ एकशे चौऱ्याऐंशी पानांचा निघाला आणि त्यात गणिताचं एक पान नाही. मला पक्कं माहीत आहे, कारण बठ्ठी, म्हणजे सगळी पानं मीच जुळवली.

मी पुना. धुळ्यात बन्सीलाल शेठच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. आठवीत मास्तरनं पट्टी मारली, मी ती हिसकून मोडली, तेव्हापासून शाळा बंद. गेल्या वर्षी, सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर, हे काम आलं. बोरसे आबा इथलेच, पण तीस वर्षं बनारसला शिकवत होते. त्यांची एकसष्टी, म्हणून सत्कार समिती. समितीचे अध्यक्ष चुडामण भाऊ, तेलाच्या गिरणीवाले.

आबांनी स्वतःचा लेख दिला, बारा पानांचा. संमिश्र संख्यांचं गणित आणि ते ऊब, वीज, पाणी यांना कसं लावायचं ते. जन्मभर इंग्रजीत लिहिलं, हे पहिल्यांदा मराठीत. ते पाहून आमच्या म्हाताऱ्या कंपोझिटरनं सरळ चष्मा काढून ठेवला. लेख माझ्या गळ्यात.

त्यात एक चिन्ह होतं, लांब, वेलांटीसारखं वळलेलं आणि मधोमध कडं. आमच्याकडे तसा खिळा नाही. मुंबईहून मागवू म्हटलं तर शेठ म्हणाले, "वेड लागलं का?" मग मीच शिशाच्या ठोकळ्यांवर उलटं कोरलं. सात केले, चार बिघडले ते वेगळे. अपूर्णांकांच्या रेघांसाठी पितळी पट्ट्या कापल्या. अठ्ठावीस दिवस गेले.

प्रूफ बघायला आबा स्वतः आले. चिन्हावर बोट ठेवून आमच्या अहिराणीत विचारलं.

"हाई कोनी कोरं?"

"मी."

"तुले समजनं का काय शे ते?"

"नही."

"तुन्ही माय तवावर भाकर टाकस ना? त्या तवाना काठनी ऊब बठ्ठी मोजी, ते मझारनी सांगता येस. बोट नही लावनं पडत."

"खरंच?"

"मी तीस वरीस तेच करं."

घरी जाऊन मी चुलीपुढं बसलो. माय म्हणाली, "तवा काय बघतो येड्यासारखा? भाकर खा." पण मला कळलं होतं, काठ मोजला की मधलं सांगता येतं. आठवीपर्यंत कोणी असं सांगितलं असतं तर ती पट्टी मोडलीच नसती.

छापायला चार दिवस राहिले आणि चुडामण भाऊ आले. पानं उलटून म्हणाले, "बन्सीलाल, हे काय रे? वळवळणारे किडे?"

"आबांचा लेख आहे, भाऊ."

"कोण वाचणार? माझ्या पाहुण्यांच्या बारा जाहिराती राहिल्यात. हे काढ."

मी म्हटलं, "सत्कार कोणाचा आहे? आबांचा का तेलाच्या डब्याचा?"

"ए पुन्या, तोंड आवर!" शेठ ओरडले.

"राहू दे," चुडामण भाऊ हसले. "आबांना सांगू, दुसऱ्या भागात घेतो. दुसरा भाग कोणी काढतंय इथं!"

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "मॅटर सोड." म्हणजे जुळवलेला एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. मी म्हटलं, नाही सोडत. "मग उद्यापासून येऊ नको. जाहिराती कशानं जुळवू, तुझ्या डोक्यानं? टाईप तेवढाच आहे."

बारा पानांचं एकेक प्रूफ काढून घेतलं आणि सोडलं. अठ्ठावीस दिवसांचं काम, दीड दिवसात. माझ्या पितळी पट्ट्या चुडामण भाऊंच्या जाहिरातीभोवती चौकट म्हणून लागल्या.

सत्काराला शाल, नारळ, हार. सात भाषणं झाली. एकानं आबांना ज्योतिषी केलं, एक म्हणाला यांना पाढे उलटे येतात. आबा मान खाली घालून ग्रंथ चाळत होते. शेवटापर्यंत गेले, परत पहिल्यापासून सुरुवात केली. चुडामण भाऊ त्यांच्या कानाशी वाकले. आबांनी मान हलवली, उठले आणि सगळ्यांचे आभार मानले. मला वाटलं होतं, ग्रंथ फेकतील. मी असतो तर फेकला असता.

मांडवाबाहेर गाठून मी प्रूफं हातात दिली. लोक पाया पडत होते, फोटोवाला हाका मारत होता, आणि आबा खांबाला टेकून वाचत होते. नवव्या पानावर थांबले.

"पुना, आठे वजा ऱ्हायना."

खरंच, तिथं वजाचं चिन्ह राहिलं होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून समासात खूण केली, बाराच्या बारा पानं मला परत दिली. "दुरुस्त कर. चुडामण भाऊ म्हने दुसरा भागमा लेतस. सोमवारे येस मी, नवं प्रूफ देखाले."

एवढा तोंडाळ मी, पण 'बरं' म्हणून प्रूफं सदऱ्यात खुपसली.

सोमवारी दहाला आबा आले, चष्मा पुसत माझ्यापुढं बसले. मी तेलाच्या डब्याचं लेबल जुळवत होतो. शेठ आत हिशेबाला बसलेले.

"आबा, दुसरा भाग नही. बठ्ठा टाईप सोडी टाकेल शे."

"कोनी सोडा?"

"मीच."

ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी चिडतील. एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"मंग हाऊ वजा आते कोठे लावू?"

मी फडताळातून प्रूफं काढून दिली. त्यांनी नववं पान वर घेतलं, प्रूफं तपासायच्या दौतीत टाक बुडवला आणि ती बारीक आडवी रेघ स्वतःच्या हातानं ओढली. शाई वाळेपर्यंत पान धरून बसले.